कोपीतला भीम

आमच्या शेतातल्या पाच पांडवांपैकी चार दगड होते आणि एक हाड होतं. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दरवर्षी आम्ही पाचांनाही सारखाच चुना लावत होतो.

शेत मादन हिप्परग्याच्या पलीकडे आहे, आळंद तालुक्यात. काळी जमीन, तूर आणि ज्वारी, एका कडेने ओढा, ओढ्याला लागून विहीर. थोरले भाऊ गेल्यापासून शेत वहिनी पाहतात. मी कलबुर्गीला असतो आणि एका मराठी दैनिकाला सीमाभागातल्या बातम्या देतो. शेतावर वर्षातून काही वेळा जाणं होतं. त्यात येळवस चुकत नाही.

ज्यांच्याकडे येळवस नसते त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. पंचांगात तिला वेळ अमावास्या म्हणतात. थंडीत, हरभऱ्याला घाटे धरायला लागतात तेव्हा ती येते. त्या दिवशी गाव रिकामं होतं आणि शिवार भरतं. झाडाखाली कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करतात, वरून लुगडं टाकतात आणि आत पाच दगड मांडतात. हे पांडव. त्यांना धुऊन चुना लावायचा, चुन्यावर कावेचे तांबडे ठिपके द्यायचे, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि खिरीचा नैवेद्य दाखवायचा, माठातली आंबट अंबील पिकावर शिंपायची. वाटेने जो जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं, असा नियम आहे. नियम म्हणजे सगळ्यांसाठी होता असं नाही. ते पुढे येईल.

आमच्या पाचांत भीम मोठा होता. बाकीचे चार ओढ्यातले साधे गोटे. भीम मध्यम घागरीएवढा, जड, आणि कुंभाराने थापटून काढावा तसा दोन्ही टोकांना फुगीर. वडिलांनी विहीर खोदली तेव्हा तो निघाला. वरचा काळा पाषाण फोडून झाल्यावर खाली हिरवट करड्या मातीचा मऊ थर लागला. त्यात गोगलगायींचे बारीक शंख होते, आणि हा होता. पहार त्याच्यावर बसली तेव्हा आवाज दगडाचा आला नाही, असं वडील सांगत. मग कशाचा आला, हे त्यांना सांगता येत नसे. त्यांनी कोपीतला जुना भीम काढून बांधावर लोटला आणि त्याच्या जागी हा बसवला. घरात कुणी हरकत घेतल्याचं ऐकलेलं नाही. विहिरीला पाणी भरपूर लागलं होतं.

हाडाचा विषय आणला तो आमच्याच गावच्या एका बाईंनी. त्या बौद्ध वस्तीतल्या. त्यांच्या आईने आमच्या शेतात बरीच वर्षं खुरपणी, काढणी केली. मुलगी शिकत गेली, आणि आता एका विद्यापीठात फार जुन्या काळच्या प्राण्यांच्या हाडांवर संशोधन करते. गाव त्यांना बाई म्हणतं, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. मीही तेच लिहितो.

बाई काही उन्हाळे आमच्या ओढ्याच्या दरडीत काम करत होत्या. दरड कोसळली तिथे तोच हिरवट करडा थर उघडा पडला होता. त्यातून त्यांनी कमरेच्या हाडाचा मोठा तुकडा, मांडीचं हाड आणि शेपटीचे काही मणके काढले. लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या डायनासोरची ती हाडं. त्यांचं म्हणणं, ही जात आजवर कुठे नोंदलेली नाही. त्यांनी तसा शोधनिबंध लिहून एका नियतकालिकाला पाठवला. परीक्षकांचं उत्तर आलं: कंबर एका तऱ्हेची दिसते, शेपूट दुसऱ्या तऱ्हेची, पाण्याच्या लोंढ्याने दोन जनावरांची हाडं एकत्र आलेली असू शकतात, कंबर आणि शेपूट जोडणारं हाड नाही, तोपर्यंत नवी जात मानता येणार नाही.

हे त्यांनी मला कलबुर्गीत, माझ्या ऑफिसात बसून सांगितलं. तक्रारीचा सूर नव्हता. परीक्षकांच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं, म्हणाल्या. मग त्यांनी कागदावर एक चित्र काढलं. कमरेच्या शेवटच्या मणक्याला मागून वाटीसारखा खळगा. शेपटीच्या मणक्याला पुढून तसाच खळगा. दोन खळग्यांच्या मधे बसणारा मणका दोन्ही बाजूंनी गोळ्यासारखा फुगीर असायला हवा.

चित्र ओळखायला मला वेळ लागला, कारण त्यात चुना नव्हता.

बाईंनी ते रूप लहानपणी पाहिलं होतं. आई कामाला असायची म्हणून येळवशीला त्याही यायच्या. बसायच्या बांधावर. कोप तिथून दिसायची आणि कोपीतला सगळ्यात मोठा पांडव दिसायचा.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्या वहिनींकडे गेल्या. मी बरोबर होतो. वहिनी लिंबाखाली तुरीच्या काड्या बांधत होत्या. शेजारच्या शेतातला माझा चुलतभाऊही येऊन उभा राहिला. बाईंनी हाडांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली आणि मग मागणी केली. वहिनींनी काड्यांची पेंडी आवळली, गाठ मारली आणि विचारलं, चार पांडव कुणी पुजतं का कुठं?

चुलतभावाला बोलायचंच होतं. "तुमी तर देव मानत न्हाई. तुमाला दगड तो दगड."

"दगड तुमी म्हणायलाव, दादा," बाई म्हणाल्या. "मी म्हणले न्हाई. हाड हाय ते."

भीम लिंबाच्या बुंध्याशी, ओळीत होता. बाईंनी त्याला हात लावला नाही. लांबून पट्टी धरून फोटो काढला.

वहिनींनी नाही म्हटलं नाही आणि होही म्हटलं नाही. येळवशीशिवाय पांडव जागचे हलवत नाहीत, तोवर बघू, एवढंच म्हणाल्या. आमच्याकडे "बघू" म्हणजे बहुतेक वेळा नकार असतो. बाईंनी ती तारीख धरली. येळवशीपर्यंत दर सुट्टीला त्या आळंदच्या बसने येत, ओढ्यात उतरत, आणि जाताना लिंबाखालून जात. भीमाचा विषय काढत नसत. वहिनींना वाकून विचारायच्या, बरं आहे का अक्का, आणि बसला जायच्या.

त्या काळात मी त्यांना बातमीदार विचारतो ते सगळं विचारलं. आमच्याकडचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, हे मला शाळेपासून माहीत होतं. तो एकदम आला नाही, हे माहीत नव्हतं. एक लोंढा यायचा, थिजायचा. मग फार मोठा काळ काहीच नाही. खळग्यांत पाणी साचायचं, गवत-झाडं उगवायची, गोगलगायी यायच्या, जनावरं पाण्यावर यायची. मग पुढचा लोंढा. आमच्या विहिरीतला हिरवट थर हा अशा दोन लोंढ्यांमधला तळ्याचा गाळ. याचा अर्थ, खालचा लाव्हा थिजून गेल्यावरही हे जनावर या भागात चरत होतं. त्याच्यानंतर किती पिढ्या टिकल्या, ते या थरावरून सांगता येत नाही.

त्यांना खरं महत्त्व होतं ते शेपटीचं. या कुळातल्या जुन्या जनावरांच्या शेपटीचे मणके दोन्हीकडून सपाट असत, पाटावर पाट ठेवल्यासारखे. नंतरच्यांत एका बाजूला वाटी आणि दुसऱ्या बाजूला गोळा असा सांधा आला, शेपूट जास्त वळू लागली. आमच्या ओढ्यातल्या मणक्यांत कमरेजवळचा गोळा चांगला उठलेला होता. मागे जाल तसा तो बसत गेला होता आणि टोकाकडचे मणके जवळजवळ सपाट. नवं आणि जुनं एकाच शेपटीत. बदल कमरेपाशी सुरू झाला आणि मागे सरकत गेला, असं त्यांना मांडायचं होतं. शरीर एका फटक्यात पालटत नाही. एक सांधा पालटतो, बाकीचं तसंच राहतं, आणि ते जनावर तेवढ्यावर जगतं, खातं, पिल्लं घालतं. पण शेपूट आणि कंबर एकाच जनावराची असली तरच हे म्हणता येतं. नाहीतर ती दोन जनावरांची मोडतोड. सगळं त्या एका मणक्यावर अडलं होतं.

हा कुणाचा पूर्वज म्हणायचा, असं मी विचारलं. बातमीच्या मथळ्याला ते लागतं.

"पूर्वज न्हवं, अण्णा. भावकी." एका बुडातून पुष्कळ फांद्या फुटतात, म्हणाल्या, बहुतेक फांद्यांना पुढे काही येत नाही. ही तशी एक फांदी. आपल्याला ती भेटली, एवढंच.

वहिनी जवळच खुरपत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "भावकी म्हणलं की वाटणी आलीच. अन् वाटणीत समद्यांचा डोळा आमच्याच बांधावर."

पावसाळा उलटल्यावर तालुक्याच्या कचेरीतला एक माणूस ओढा पाहायला आला. रायचूरकडचा, कन्नडशिवाय दुसरी भाषा नाही. परत जाताना तो गावातल्या हॉटेलात चहाला थांबला. लोकांनी विचारलं, काय सापडलंय? त्याने दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, "दोड्ड हल्ली."

दोड्ड म्हणजे मोठं, हे आमच्याकडे सगळ्यांना कळतं. कन्नडमध्ये हल्ली म्हणजे पाल आणि हळ्ळी म्हणजे खेडं. पण आमच्या भागात ळ-चा ल करणारे पुष्कळ. त्यांनी समोरच्याचा ल ऐकला आणि मनात त्याचा ळ करून घेतला. मोठं खेडं. आमचं गाव सरकार मोठं करणार. दिवस मावळायच्या आत बसस्टँड कुठे होणार ते ठरलं. गावाच्या वरच्या अंगाला ज्यांच्या जमिनी होत्या ते खूश होते. ओढ्याकाठचे हबकले, कारण जागा सपाट, पाणी जवळ, म्हणजे जमिनी जाणार त्या त्यांच्या.

भावकी वहिनींच्या ओसरीवर येऊन बसली. मला निरोप आला म्हणून मीही गेलो. चुलतभावाने मुद्दा मांडला: हे सगळं त्या हाडामुळे; भीम दिला की मोजणी आली, मोजणी आली की शेत गेलं. त्यावर त्याने उपायही सांगितला. भीम जिथून आला तिथे परत घालावा, विहिरीत. देवाचं विसर्जन होतं, त्यात पाप नाही. दोघातिघांनी माना हलवल्या. विहिरीला तळ दिसत नाही एवढं पाणी होतं आणि तळाशी गाळ. तिथून तो मणका पुन्हा वर आला नसता.

वहिनींचं माहेर अफजलपूरकडचं, भीमेच्या काठचं. घरात मराठी, अंगणात कन्नड. त्यांनी विचारलं, तो माणूस नेमकं काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत सांगा. चुलतभावाने सांगितलं. पुन्हा सांगायला लावलं. त्याने पुन्हा सांगितलं.

"पाल म्हणालाय त्यो," वहिनी म्हणाल्या. "मोठी पाल. ती बघा, तुमच्या डोक्यावर भितीला हाय."

सगळ्यांनी वर पाहिलं. पाल खरोखरच होती. हसणं झालं, पण प्रश्न सुटला नाही. चुलतभाऊ म्हणाला, पाल असू दे नाहीतर गाव असू दे, जमीन जायची ती जाणारच. वहिनींनी तेव्हा एकच सांगितलं. भीम सासऱ्यांनी बसवला आहे, तो विहिरीत जाणार नाही. बाईला द्यायचा की नाही ते त्या येळवशीला ठरवतील.

मी माझ्याकडून तालुक्याच्या कचेरीत विचारणा केली. भूसंपादनाचा असा कोणताही प्रस्ताव नव्हता. तेवढ्याच मजकुराची चार ओळींची बातमी दिली. ती वाचून चुलतभावाचा फोन आला: पेपरात नाही म्हणून छापायची वेळ आली, म्हणजे काहीतरी आहेच.

बाईंनी दुसरा मार्ग घेतला. त्या आईला बरोबर घेऊन ओढ्याकाठच्या प्रत्येक घरी गेल्या. मराठी घरात मराठीत, कन्नड घरात कन्नडमध्ये, एका घरी हैदराबादी उर्दूतही सांगितलं, की दरडीतलं काम संपत आलं आहे, कुणाच्या शेतात खड्डा पडणार नाही, आता फक्त एक हाड हवं आहे. काही घरांत पाणी मिळालं. काही घरांत दारातच ऐकून घेतलं. चुलतभावाच्या घरी त्याच्या बायकोने त्यांना आत बसवलं, आणि तो घरात असूनही बाहेर आला नाही. येळवस जवळ येईपर्यंत बसस्टँडचं बोलणं विरत गेलं. संपलं नाही.

येळवशीच्या आधल्या दिवशी दोघी मायलेकी वहिनींकडे आल्या. मी भज्जीसाठी वालाच्या शेंगा सोलत होतो. वहिनींनी बाईंच्या आईलाच विचारलं, आमचा भीम नेऊन तुम्ही करणार काय?

"आमच्या घरात भीम हायच की, अक्का, भितीवर," बाईंची आई म्हणाली. "तुमचा तिला मोजाया पायजे."

वहिनी हसल्या. मग म्हणाल्या, मोजायचं ते मोजेल, पण कोपीत जागा मोकळी दिसेल. पाचाचे चार झाले असं सगळं शिवार म्हणेल.

"जुना हाय की बांधावर," बाईंची आई म्हणाली.

कुठला जुना, वहिनींनी विचारलं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा भीम बदलून झाला होता. जुना भीम बांधावर लोटला होता एवढं मला आठवत होतं. तो कुठला, ते मलाही सांगता आलं नसतं. शेताच्या बांधावर दगड पुष्कळ असतात.

"मी ज्याच्यावर बसून जेवायचे, त्यो. त्याच्या खोबणीत चुना हाय अजून."

वहिनींच्या हातातली चाळणी थांबली. येळवशीला वाटेने जाणाऱ्याला हाक मारतात. शेजारच्या गावचा, अनोळखी, सायकलवरचा, कुणीही. आमच्याच शेतात वर्षभर राबणाऱ्या बाईंच्या आईचं ताट मात्र बांधावर जायचं. कुणी भांडलं नव्हतं, कुणी ठरवलंही नव्हतं. ताट तिकडे जायचं.

"मला कधी बोलली न्हाईस," वहिनी म्हणाल्या.

"कुणी इचारलं न्हाई, अक्का."

वहिनींनी दोघींना चहा दिला आणि पीठ चाळायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत कोप उभी राहिली. भावकी जेवायला होतीच, आणि काय होतं ते बघायलाही होती. बाई आणि त्यांची आई आल्या आणि बांधाशी थांबल्या. वहिनींनी चार पांडव धुऊन ओळीत मांडले. भीमाला पाणी घातलं, हळद-कुंकू लावलं, हात जोडले. चुना लावला नाही. मग बांधाकडे वळून म्हणाल्या, "ये, उचल."

बाई कोपीजवळ आल्या. त्यांनी आधीच सांगितलं, की त्या पूजा करणार नाहीत.

"पूजा कोण सांगायलंय तुला? उचलायचं तुझ्याकडं. ठेवायचं माझ्याकडं."

मायलेकींनी दोन बाजूंनी हात घालून भीम उचलला आणि पोत्याच्या घडीवर ठेवला. वहिनी पदर खोचून बांधावर गेल्या. दगड कुठला ते बाईंच्या आईने दाखवलं. वरून बसून बसून गुळगुळीत झालेला, कडेच्या खोबणीत पांढरी रेघ. वहिनींनी तो एकट्यानेच कमरेवर घेतला. मी हात द्यायला गेलो तर म्हणाल्या, राहू द्या भावजी.

चुलतभाऊ कोपीच्या तोंडाशी उभा होता. "वैनी, कामून करायलाव हे? त्याच्यावर माणसं बसलेत."

वहिनी दगड घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "आजवर पालीच्या हाडाला नारळ फोडला, ते चाललं. माणूस बसलेला दगड चालत न्हाई व्हय?"

तो बाजूला झाला. वहिनींनी दगड धुतला, चौघांच्या ओळीत बसवला आणि पाचांना चुना लावला. जुन्या भीमाला चुना नीट धरेना. गुळगुळीत जागेवरून ओघळत होता. त्यांनी पुन्हा लावला. मग पंगत बसली. बाईंच्या आईचं ताट कोपीपुढे मांडलं होतं. ती बसली आणि भज्जी मागून घेतली.

जेवताना चुलतभावाला राहवलं नाही. "वैनी, बाईनं चुना लावला तुमाला."

"चुना मीच लावलाय त्याला, इतकी वरसं. म्हणून टिकलाय." आणि बाईंकडे वळून वहिनींनी अट घातली: "हाड तुझं. चुना माझा. निघंल तेवढा परत आण."

सगळे हसले. बाईंनी होकार दिला तेव्हा त्या हसत नव्हत्या.

या होकाराची किंमत मला नंतर कळली. हाडावरचा चुना काढायची सोपी रीत म्हणजे सौम्य आम्ल. चुना विरघळतो, हाड तसंच राहतं. पण विरघळलेला चुना परत देता येत नाही. बाईंनी तो सुईने काढायचं ठरवलं. परीक्षकांना उत्तर द्यायची मुदत डोक्यावर होती. विभागातल्या सहकाऱ्यांनी समजावलं, की म्हातारीला कुठलाही चुना दिला तरी चालेल. बाईंनी सुई आणि कुंचला घेऊन काम सुरू ठेवलं. खपल्या एका डब्यात जमत गेल्या. पांढरा थर, कावेचा तांबडा पातळ पट्टा, पुन्हा पांढरा. जेवढ्या येळवशी, तेवढ्या घड्या. अंबिलीचे थेंब उडाले होते तिथे चुना खरवडल्यासारखा झाला होता.

चुन्याने एक गोष्ट केली होती. ओढ्यातले मणके उन्हापावसाने भुसभुशीत झाले होते. भीमाचा पृष्ठभाग जसा मातीतून निघाला तसाच होता. शेपटीकडच्या गोळ्याच्या कडेला मात्र एक टवका उडालेला. बाईंना आधी वाटलं, मुळातलीच मोड असेल. मी त्यांना वडिलांच्या पहारीचं सांगितलं. त्यांनी तशा पहारीचं टोक मागवून लावून पाहिलं. खूण तिचीच होती.

सगळा चुना निघाला तेव्हा त्यांनी आम्हाला बोलावलं. वहिनी, बाईंची आई आणि मी विद्यापीठात गेलो. एका लांब टेबलावर वाळू पसरून त्यात कमरेचं हाड टेकवून ठेवलं होतं, थोडं अंतर सोडून शेपटीचे मणके ओळीने. भीम पहिल्यांदाच उघडा पाहिला. तपकिरी होता. वहिनींनी त्याला ओळखलं नाही.

बाईंनी सांगितलं, की त्यांनी अजून लावून पाहिलेला नाही. अक्का आल्यावर पाहायचं होतं. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि कमरेच्या खळग्याला टेकवला. जरा फिरवला. तो आत बसला. हात काढून घेतला तरी हलला नाही. मग शेपटीचा पहिला मणका सरकवत आणला. टवक्यापाशी बारीक फट राहिली, बाकी कड कडेला मिळाली.

"बसला?" वहिनींनी विचारलं.

"बसला, अक्का."

बाईंच्या आईने टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि विचारलं, डोकं कुठं आहे? बाई म्हणाल्या, ते अजून ओढ्यात आहे.

वहिनींनी चुन्याचा डबा मागून घेतला.

निबंध पुन्हा गेला आणि स्वीकारला गेला. कंबर आणि शेपूट एकाच जनावराची ठरली, जात नवी ठरली. तिचं नाव अजून छापून यायचं आहे, म्हणून इथे देत नाही. त्यात भीम नाही, एवढं चुलतभावाने विचारून घेतलं आहे.

या वर्षीच्या येळवशीला वहिनींनी डब्यातल्या खपल्या पाट्यावर वाटल्या आणि नव्या चुन्यात कालवल्या. रंग जरा तांबूस आला. तो त्यांनी जुन्या भीमाला लावला. जाड लावला, खोबण भरेपर्यंत. चुलतभाऊ अंबिलीचा माठ घेऊन मागे उभा होता. बाई ओढ्यात होत्या, दरडीला टेकून, हातात कुंचला. वहिनींनी शिवारात ऐकू जाईल अशी हाक मारली, ताट वाढलंय म्हणून.

"हा थर झाला की येते, अक्का," खालून उत्तर आलं.

"ये सावकाश," वहिनी म्हणाल्या. "तवर भीम वाळंल."